मत दिल्याशिवाय उतरायचं नाही

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, हे मला बँकेच्या बदल्यांच्या नोकरीत पाठ झालं होतं. मटण शिजवता का, पाहुणे फार येतात का, संध्याकाळी किती वाजता घरी येता, आणि मग आडवळणाने मूळ गाव. काष्टीतल्या त्या बाईंनी यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर चढवून त्या माझ्या अंगावर ओरडल्याच, "सिनिमाचा शेवट आधी सांगितला तर चालतो का तुला?"

मी दचकून मागे सरकले आणि त्या दचक्यातच "चालतो" म्हणून बसले. "मंग ऱ्हा," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. भाडं किती, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेकडून कळलं.

सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. दौंड रस्त्याला त्यांची पिठाची गिरणी होती, गिरणीच्या मागे घर आणि घराच्या माडीवर माझी खोली. नवरा गेल्यापासून गिरणी त्याच चालवत होत्या. गिरणीच्या घरघराटात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि इतकी वर्षं ओरडल्यावर मावशींचा आवाज तिथेच अडकला होता. गिरणी बंद असली तरी त्या ओरडूनच बोलायच्या, आणि आपण ओरडतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा मला कोपऱ्यात घेऊन, माझ्या कानाशी तोंड आणून त्या म्हणाल्या, "कोनाला सांगू नको, पर माझी जाऊ पापड बाहेरनं लाटून आनती आन् घरी केलं म्हनून सांगती!" रस्त्यापलीकडच्या ओट्यावरून जावेचा आवाज आला, "ऐकतीया मी!" मी शरमेने मेले. मावशींना मात्र जाऊ इतकी लांबून कशी काय ऐकते, याचंच नवल वाटत राहिलं.

तर या बाई सिनेमाला जायच्या. महिना-दीड महिन्यातून एकदा, नगरला, दुपारच्या खेळाला. गिरणीवर पोती आणणारा एक पिकअपवाला होता. त्याच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकायची, त्यावर आठ-दहा बायका, भाकऱ्यांची फडकी, शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, आणि निघायचं. सिनेमाही एकाच जातीचा: पोरगा-पोरगी भांडणार, मग प्रेमात पडणार, मग काहीतरी गैरसमज होणार आणि शेवटी लग्न. मारामारी नको, भूत नको, खून तर नकोच.

पडद्यावर नावं संपून दहा मिनिटं झाली की मावशी निकाल द्यायच्या. आपल्या समजुतीप्रमाणे त्या शेजारणीच्या कानात सांगत; प्रत्यक्षात ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. "ह्यो बाप आत्ता न्हाई म्हनतोय, पर शेवटाला ह्योच पोरीचा हात त्याच्या हातात देनार बघ!" पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी खुर्चीत खाली खाली घसरत गेले. पुढच्या रांगेतला एक तरुण भडकून मागे वळला, "ओ मावशी, सांगून टाकलं की सगळं!" मावशी खरोखर चकित झाल्या. "का? तुला ठावं नव्हतं व्हय?" आजूबाजूची माणसं हसली. तो तरुणही शेवटी हसला, कारण त्यालाही ठाऊक होतंच.

एकदा चुकून खुनाच्या सिनेमाची तिकिटं निघाली. मध्यंतराच्या आतच मावशी उठून बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सिनेमा सुटल्यावर पाहिलं तर पायरीवर बसून शेंगदाणे खात होत्या. मी चिडवलं, "काय मावशी, घाबरलात?" तर म्हणाल्या, "काय हुनार तेच कळंना गं. मला न्हाई बसवत तसं."

त्यांचा एकुलता एक मुलगा गिरणीचा पट्टा आणायला मोटारसायकलवरून दौंडला गेला होता. चहा टाकून ठेव, आलोच, असं बायकोला सांगून गेला. तो रस्त्यातच अपघातात गेला. हे मला सुनेने सांगितलं, अगदी सपाट आवाजात, डबे पुसता पुसता. मावशी त्या विषयावर माझ्याशी एकदाच बोलल्या. मी शहाणपणाने विचारलं होतं की सगळं आधीच कळणाऱ्या सिनेमात मजा ती काय. त्या म्हणाल्या, "कळतंय तीच मजा हाय. एकदा न कळता झालं आमच्या घरात. तेवढं बास झालं." मला मोबाईलवर सिनेमांना स्टार द्यायची सवय होती. त्या दिवसानंतर बरेच दिवस मला ते जमलं नाही.

पण सिनेमापेक्षा खरी गंमत परतीच्या वाटेवर असायची. मावशींचा कायदा होता: मत दिल्याशिवाय पिकअपमधून उतरायचं नाही. काष्टी जवळ आली की एकेकीला उभं करायचं. "चांगला हुता" एवढं म्हटलेलं चालायचं नाही. "चांगलं तर पानी बी असतं. मत सांग!" मत मिळेपर्यंत पिकअपवाला त्या बाईच्या घरापाशी गाडी थांबवायचाच नाही. चंद्राआजी नावाची एक म्हातारी होती, तिचं मत कायम नायिकेच्या अंगकाठीवर असायचं: "तिला कोनी जेवाय घालीत न्हाई का गं? बरगड्या मोजून घ्याव्यात!" अंगणवाडीच्या ताई प्रत्येक सिनेमातून बोध काढायच्या, नसला तरी. जाऊ मावशींच्या बरोबर उलट बोलायची. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "कथेत नावीन्य नाही, आणि मध्यंतरानंतर पटकथा रेंगाळते." चंद्राआजीने विचारलं, "काय म्हनली ही?" जाऊ म्हणाली, "काय न्हाई, झोप लागल्ती तिला." मावशींनी ते मत धरलं नाही. मला बाजारतळापर्यंत नेऊन परत आणलं, आणि शेवटी मी "हिरोचे केस बरे होते" म्हणाले तेव्हा सुटले.

फक्त सुनेला हा कायदा नव्हता. ती दरवेळी कोपऱ्यात, भाकरीचं रिकामं फडकं मांडीवर घेऊन बसायची आणि पाळी आली की म्हणायची, "चांगला हुता, आत्या." सासूला ती आत्या म्हणायची, तिकडे तशी पद्धतच आहे. मावशी लगेच म्हणायच्या, "बास, झालं तिचं. गरीब हाय ती." आणि पाळी पुढे सरकायची. यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

एके दिवशी भर गिरणीत, दळणाला आलेल्या बायकांसमोर, मावशींनी एक बॉम्ब टाकला. "सुनेचं लगीन लावायचंय मला. दुसरं. मीच लावून देनार." बायकांच्या हातातले डबे हातातच राहिले. मी बरीच गावं पाहिली होती, शिकलेल्या घरांतून विधवा सुनांचं काय होतं तेही पाहिलं होतं. भावकीतले चार पुरुष समजूत घालायला आले, तर मावशींनी त्यांना उभ्याउभ्याच पिटाळलं: "तुमची पोर असती तर काय केलं असतं? तेच करतीया मी!" गावातल्या महिला मंडळाने शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मी मैत्रिणींना फोन करकरून अभिमानाने सांगितलं. सत्कारात टाळ्या वाजत होत्या तेव्हा सून मागे चहाचे कप भरत होती.

नवरदेव कोण, हे सांगायची गरजच नव्हती. पिकअपवाला तिशी उलटलेला, निर्व्यसनी, कष्टाळू, आणि शेती करणाऱ्या घरातल्या पोरांना हल्ली मुली मिळत नाहीत त्यातलाच एक. पोती उतरवून झाली की सुनेच्या हातचा चहा पिऊन जायचा. चंद्राआजी म्हणाली, "मला तर पयल्यापासनं कळल्यालं हाय." जावेलाही कळलं होतं. अंगणवाडीच्या ताईंना कळलं होतं. मीसुद्धा मनातल्या मनात आहेर काय द्यायचा ते ठरवून ठेवलं होतं.

अशात तो सिनेमा आला. नायक लग्नात जेवणाची कंत्राटं घेणारा, नायिका लग्नाचे फोटो काढणारी. पहिल्या भेटीत त्याच्या हातची डाळ हिच्या कॅमेऱ्यावर सांडते. मावशींनी तिथेच जाहीर केलं, "जुळलं ह्यांचं!" मग भांडणं, मग घरच्यांना दाखवायला खोटाखोटा साखरपुडा, मग तो खरा वाटायला लागणं, मग गैरसमज. नायिकेला परदेशात मोठं काम मिळतं आणि ती जायला निघते. मावशी ओरडल्या, "आता ह्यो पळत इमानतळावर जानार!" आणि तो पळालाच. भर वाहतुकीत गाडी टाकून, कमरेला स्वयंपाकाचा एप्रन तसाच, पोलिसांना चुकवत. ती वळते. बॅग खाली पडते. सगळा विमानतळ टाळ्या वाजवतो. आमच्या रांगेनेही वाजवल्या. मीही वाजवल्या, आता लपवून काय उपयोग!

परतताना हौदा रंगात आला होता. चंद्राआजी म्हणाली, "पोरगी लुकडी हाय, पर ह्यो सैपाक करतो म्हनल्यावर भरंल अंगानं." जाऊ म्हणाली, "कायतरीच. एवढा पळाला, घामाघूम झाला, आन् केस जागचं हाललं न्हाईत." अंगणवाडीच्या ताईंनी बोध काढला की गैरसमज झाला तर वेळीच बोलावं. मी म्हणाले की सगळं आधी कळत होतं तरी मला शेवटी रडू आलं, आणि मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारून ते मत मान्य केलं.

मग अंगणवाडीच्या ताई पिकअपवाल्याच्या पाठीकडे बघत, डोळे मिचकावत म्हणाल्या, "आज सूनबाईचं मत पायजे बरं का. नुस्तं चांगला हुता न्हाई चालायचं." सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. "सांग गं, सांग आज!"

सुनेने मांडीवरच्या फडक्याची घडी घातली. "मला न्हाई आवडला," ती म्हणाली.

"आँ?"

"ती पोरगी कामाला चालल्ती. तिकीट काढल्यालं हुतं तिनं. बॅग भरल्याली हुती. तिकडं तिचं काम हुतं. ह्यानं पळत जाऊन तिला थांबिवली आन् समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. ती कुठं चालल्ती ते एकानं तरी इचारलं का? मला तर वाटत हुतं, तिनं बसावं इमानात. मला ती जायला पायजे हुती."

आम्ही सगळ्यांनी तोच सिनेमा पाहिला होता, आणि हे आमच्यापैकी एकीलाही दिसलं नव्हतं. मी तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत राहिले. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

"आन् मला बी जायचंय, आत्या," ती म्हणाली. "शिर्डीला. हाटेलात काम बघितलंय. सोमवारी दुपारच्या आत हजर व्हा म्हनल्यात. न्हाई गेले तर दुसरीला घेनार हायेत."

"हाटेलात?" जावेने छातीवर हात ठेवला. "आपल्या घरची सून हाटेलात?"

"काउंटरवर, काकी. लोकांची नावं घ्यायची, किल्ल्या द्यायच्या. माझी मैत्रीन हाय तिथं. तिच्याच खोलीवर ऱ्हानार."

मावशींचा चेहरा पिठापेक्षा पांढरा पडला. "किल्ल्या तर हितं बी देता येत्यात!" त्या ओरडल्या. "अगं, तुला घर सोडून जायाला लागू नये म्हनून तर ह्या पोराला घरात घेनार हुते मी! माझ्याच घरात ऱ्हायला! तुझं बी झालं असतं आन् माझं बी!"

पिकअपला असा काही ब्रेक लागला की चंद्राआजी माझ्या मांडीवर आली. पुढच्या खिडकीतून पिकअपवाल्याने मान बाहेर काढली. तोंड लाल झालं होतं बिचाऱ्याचं. "मावशी, मला बी कोनी इचारलं न्हाई, बरं का," तो म्हणाला. "मी आपला च्या प्यायला येत हुतो."

एरवी या वाक्यावर हौदा हसून आडवा झाला असता. त्या दिवशी कोणाला हसूच आलं नाही. सत्काराची शाल, भावकीला दिलेली ती बाणेदार उत्तरं, सगळं खरंच होतं, मावशींनी ते मनापासून केलं होतं. पण पोटात धाक होता तो एकटं पडण्याचा, आणि तो त्या आज पहिल्यांदाच बोलल्या होत्या. सून मान खाली घालून रडत होती, पण आपलं बोलणं तिने मागे घेतलं नाही. उरलेल्या वाटेत मावशींनी कोणाकडेच मत मागितलं नाही.

पुढचे दिवस मी माडीवर जीव मुठीत धरून काढले. खाली दोघी एका ताटलीत भाकरी मोडायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मावशी माझ्यापाशी येऊन बोलायच्या, अर्थात सुनेला ऐकू जाईल अशाच. "जाऊ दे की! मी कोन अडवनार! पर मी काय स्टँडवर सोडाय येनार न्हाई, सांगून ठिवते!" सून आत डबे पुसत राहायची. मी मध्यस्थीचा प्रयत्न करून पाहिला, तर मावशींनी मला बाजरीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "हा धर. तिकडं ठीव. बोलू नको."

सोमवारी सकाळी सून मावशींच्या पाया पडली. मावशींनी पाठीवरून हात फिरवला, पण तोंड दुसरीकडे केलं. पिकअपवाला सोडायला आला होता, त्याला सुनेनेच नको म्हटलं. चालतच गेली ती स्टँडवर, खांद्यावर बॅग घेऊन. गिरणीपासून स्टँड फार लांब नाही. मावशींनी गिरणी सुरू केली आणि दळण नसताना ती तशीच फिरत ठेवली. मी बँकेत जायला निघाले होते, पण पाय उचलेना. उगाच दारात चपलेचा पट्टा नीट करत उभी राहिले.

थोड्या वेळाने स्टँडकडून एक गाडी आली. पाटीवर "बारामती–शिर्डी" लिहिलेलं. खिडकीत सून होती, पदराने डोळे पुसत, मान खाली. तिच्याकडे बघून मला भरून आलं, आणि त्या भरून येण्यात मला काहीच कळलं नाही. कळलं ते मावशींना. शिर्डीला जाणारी गाडी दौंडकडून येते आणि गिरणीवरून स्टँडला जाते. ही तर स्टँडकडून दौंडला चालली होती. पाटी दोन्ही वेळेला तीच असते. आयुष्यात कधी एकटी एसटीत न बसलेली ती पोर शिर्डी हे नाव वाचून उलट्या गाडीत चढली होती.

मावशी क्षणभर जागेवरच थिजल्या. हात गिरणीच्या खटक्यावर, नजर त्या खिडकीवर. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं. मग त्यांनी खटका पाडला आणि त्या धावत सुटल्या.

त्या वयाच्या, त्या अंगाच्या बाईला इतकं पळताना मी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पडलेला, पायात चप्पल नाही, अंगावरून पीठ उडतंय. "थांबीव! ए डायवर! थांबीव गाडी!" चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. "बघा, सोडीत न्हाई सासू," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मला वाटलंच हुतं. नेनार वढून घरी." खरं सांगते, पळत त्यांच्या मागे जाताना मलाही तेच वाटलं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

गाडी थांबली. मावशींनी दार उघडलं, आत चढल्या आणि सुनेला दंडाला धरून खाली उतरवलं. सून घाबरून "आत्या, नगं ना, आत्या" म्हणत होती.

"अगं, उलटी चालली की ही!" मावशी ओरडल्या. "बारामतीला नेती ही तुला! शिर्डीची तिकडनं येतीया, ती बघ!"

दौंडकडून खरंच दुसरी गाडी येत होती. मावशी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. चालकाने शिव्या दिल्या, मावशींनी त्या ऐकून घेतल्या. बॅग आधी आत टाकली, मग सुनेला. कंडक्टरला सांगितलं, "हिला शिर्डीलाच उतरवा. मधी कुठं न्हाई. दुपारच्या आत पोचली पायजे." सून दारातच उभी राहून त्यांचा हात धरून रडत होती. मावशींनी तो हात सोडवला आणि गाडीच्या पत्र्यावर जोराने थाप मारली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर टपरीवरची माणसं चहा पीत बसली. कोणी मत दिलं नाही. मी मावशींना हाताला धरून गिरणीत आणलं, पाणी दिलं. त्यांना धाप लागली होती, तळपायातून रक्त येत होतं. मी ओल्या फडक्याने ते पुसत होते. त्यांची नजर रस्त्यावरच होती. मग म्हणाल्या, "गप बसले असते, तर दुपारपत्तुर माघारी आली असती गं माझी."